तुझ्या गेममधलं पाणी

पोरी,

तुझ्या सांगलीवरच्या गेमची झिप फाईल रविवारी उघडली आणि दोन तास खेळलो, म्हणजे खरं सांगायचं तर नुसता चाललो. स्टँडवरनं निघालो, मारुती चौक, हरभट रोड, गणपती मंदिर, घाटावर गेलो, परत आलो. एका बोळात मावशी आडव्या उभ्या राहिल्या त्या हलेचनात, बोळ एक टाइल, म्हणजे नकाशाचा एक चौकोन, रुंद आणि मावशी पण एक टाइल, शेवटी गेम बंद करून परत चालू केला. (हे मात्र अगदी खरं सांगलीसारखं झालंय, काढू नको असंच वाटत होतं.)

तू लिहिलंयस, दोन वर्षं झाली, संपत नाही, आता दुसऱ्या इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पहिल्यापासून करू का. नको. इंजिनचा काही दोष नाही. 200 बाय 200 चा नकाशा म्हणजे 40 हजार टाइल्स, आणि त्यात करायला काय, तर हिरवे जेलीचे राक्षस मारायचे. सांगलीत राक्षस कुठनं आले गं? ते तुझे नाहीतच, सगळ्यांच्या गेममध्ये असतात म्हणून तू घेतलेस. सहा तलवारी पण तशाच.

पण फोल्डरमध्ये 'टेस्ट_पाणी' नावाचा एक सीन सापडला, मेनूतनं तिथं जाताच येत नाही, तू त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. तो चालवला आणि उठून चहा ठेवायचा विसरलो. नदीच्या टाइलपासनं पाणी शेजारच्या चार टाइल्समध्ये जातं, जिची उंची पातळीपेक्षा कमी ती भरते, मग तिच्या शेजारच्या. हा तुझा गेम आहे. बाकीचं त्याच्याभोवती वाढलेलं गवत.

पाणी 43 फुटाला नेलं की गेम मरतो, ते का ते बघितलं. तुझं फंक्शन प्रत्येक टाइलला स्वतःलाच परत हाक मारतंय, एकातनं दुसरं, दुसऱ्यातनं तिसरं, या हाका लक्षात ठेवायची जागा, म्हणजे स्टॅक, भरतो आणि गेम आडवा होतो. त्यापेक्षा रांग लाव, रेशन दुकानासारखी. भरलेली टाइल रांगेतनं काढायची, तिचे पातळीखालचे कोरडे शेजारी मागं उभे करायचे, रांग संपली की पाणी थांबलं. वीस ओळींचं काम आहे.

आणि एक चूक जी तुला घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितली असती. तू पाणी फक्त नदीकडनं आणलंयस. आपल्याकडं पाणी आधी नाल्यातनं उलटं येतं, शेरीनाल्याच्या बाजूला माणूस नदीकडं बघत बसतो आणि पाणी मागनं येतं. म्हणजे रांगेत सुरुवातीलाच नाल्याच्या टाइल्स पण उभ्या कर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, हे आकडे वरच्या कोपऱ्यात सतत दिसू देत, दुसरा लाइफ बार नको. 2019 ला 57 च्या वर गेलं होतं, तेवढं तुझ्या पाण्याच्या पातळीच्या स्लायडरमध्ये नाहीच, 50 ला संपतोय. अलमट्टीचा वाद (कर्नाटकातल्या त्या धरणामुळं आपल्याकडं पूर येतो की नाही) मात्र गेममध्ये आणू नको, तिथनं कोणी परत आलेलं नाही.

नकाशा काप. 40 बाय 30 बास झाला, घाट, नाला, चौक, एक दुमजली घर. हातात चारच वस्तू मावतात, जिना चढायला वेळ लागतो, वर काय न्यायचं? टीव्ही, गव्हाचं पोतं, कागदपत्रांची पेटी, म्हशीचं काय करायचं? वीस मिनिटांत खेळून संपलं पाहिजे. लहान म्हणून कमी समजू नको, 1986 ला जपानात आलेला पहिला ड्रॅगन क्वेस्ट गेम 64 केबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला होता, आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे परत परत वापरून. तुझ्या एकट्या टायटल स्क्रीनचं चित्र त्याच्यापेक्षा जड आहे.

किरकोळ दोन गोष्टी. चालताना टाइल्सच्या मधनं बारीक रेघा लुकलुकतात, कॅमेऱ्याची जागा पूर्णांकात गोल कर, जातील. आणि संवाद एकेक अक्षर उमटतो तिथं 'कृष्णा' बघ कसं येतंय, क, मग कृ, मग कृष, मग ष चा पाय मोडतो, मग कुठं ण येऊन जोडला जातो, वाचणाऱ्याच्या डोळ्याला ठेचा लागतात. तुझ्या गोडोट 4 इंजिनमध्ये लेबलला सेटिंग आहे, अक्षरं शेपिंगच्या, म्हणजे जोडाक्षरं जुळवण्याच्या, नंतर मोजायची, आपोआप ते आधीवर असतं. ते बदल.

राक्षसांचा फोल्डर डिलीट करू नको, जिवावर येईल, आणि कशाला करायचा, वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या बाजूच्या प्रतीत, टाकून ठेव. आणि गिटला रोज पुश कर, कोडची प्रत घराबाहेर राहू दे. मी पण व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत असाच एक गेम करत होतो, ग्राफच्या वहीत पेन्सिलीनं नकाशा, झाड 1, भिंत 2, पाणी 3. 2005 ला गावभागात दुकानात पाणी शिरणार म्हटल्यावर टेबलाखाली विटा लावल्या, सीपीयू वर ठेवला, वाटलं बास झालं. पाणी कमरेएवढं आलं. वही घरी वरच्या मजल्यावर होती म्हणून राहिली, गेमची सीडीवर एकदा पण कॉपी केलेली नव्हती. परत केला नाही गेम. नंतर बिलिंगची सॉफ्टवेअरं केली, त्यात पाणी नसतं.

आता उंचीचं. तू टाइल्सना उंची अंदाजानं दिलीयस, चौक आणि दुकानांची रांग एकाच पातळीवर, तसं नाहीये. जुन्या भिंतींवर रेघा आहेत अजून, लोकांनी रंगानं, खडूनं, कोणी खिळ्यानं ओढलेल्या. दुकानात माझ्याकडं 2005 ची कमरेला आहे, 2019 ची हात वर केला की लागते. टेप घेऊन ये आणि वही, मोबाईलवर लिहू नको. शनिवारी दुपारनंतर ये, सकाळी गिऱ्हाईक असतं.

काका