गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीत वनस्पती लावण्यासाठी तळाला बागेतली साधी माती वापरता येते का?

हो, वापरता येते. मात्र तिच्यात शेणखत, कंपोस्ट किंवा रासायनिक खत मिसळलेले नसावे आणि तिचा थर दोन ते तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. मातीतील चिकणमातीचे आणि ह्यूमसचे (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचे) कण ऋणभारित असल्यामुळे अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखी धनभारित पोषकद्रव्ये धरून ठेवतात, आणि पाण्याखाली प्राणवायू कमी झाला की मातीतील लोह विरघळू शकणाऱ्या रूपात येऊन मुळांना मिळू लागते. धुतलेल्या रेतीत यांपैकी जवळजवळ काहीच घडत नाही. माती चाळून खडे आणि काड्या काढाव्यात, आणि तिच्यावर तेवढ्याच जाडीचा, भरड दाण्यांच्या रेतीचा थर द्यावा, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. फार बारीक रेती टाळलेली बरी, कारण ती घट्ट बसते आणि खालच्या थरात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचण्याची शक्यता वाढते. वनस्पती पहिल्याच दिवशी दाट लावाव्यात, कारण नव्या मातीतून सुटणारा अमोनिया शोषून घेणारे तेव्हा दुसरे फारसे कोणी नसते. सुरुवातीचे काही आठवडे पाणी वारंवार बदलावे आणि पाण्याच्या चाचणीत अमोनिया व नायट्राइट ही माशांना विषारी असलेली दोन्ही द्रव्ये शून्य आल्याशिवाय मासे सोडू नयेत. लोक नेमकी इथेच घाई करतात. तळ उकरणारे मासे, उदाहरणार्थ गोल्डफिश किंवा मोठे सिक्लिड, पाळायचे असतील किंवा रोपे सतत उपटून हलवण्याची सवय असेल, तर मात्र मातीच्या वाटेला जाऊ नये.