देवगिरीच्या अंधारीवरच्या गेममध्ये कुणी घाबरत का नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे आतल्या त्या काळोख्या वळणावळणाच्या वाटेत अडकलेला गाईड, खाली काहीतरी युगानुयुगं झोपलेलं, वाचणारा पर्याय निवडत पुढं जातो, कोपऱ्यात 'मनोबल 100' चा मीटर आणि शेवटी ते सोंडा-बिंडावालं प्रकट होतं. चार मित्र खेळले, भारी आहे म्हणाले, घाबरलं मात्र कुणीच नाही, आणि आता तुम्ही विचारताय की म्युझिक टाकू का ट्वाईन (लिंकवर क्लिक करत वाचायच्या गोष्टी बनवायचं टूल) सोडून दुसरं टूल घेऊ. ट्वाईन सोडू नका. म्युझिकचं नंतर बघू, घोळ गोष्टीतच आहे.

आपल्याकडच्या भुताला तुमच्याकडून काहीतरी पाहिजे असतं बघा. मुंजा पिंपळावर का बसला ते गावाला ठाऊक, हडळ कुणाच्या घरची ते म्हाताऱ्या सांगतात, भात-लिंबू उतरवून टाकलं की देणं फिटतं. म्हणजे हिशोब आहे. भयकथा लिहिणारा अमेरिकन लेखक लवक्राफ्ट (1890 ते 1937), त्याच्या गोष्टींत हा हिशोबच नाही, तिथं जे काही आहे त्याला तुम्ही आहात हेच माहीत नसतं. बैलगाडीचं चाक मुंग्यांच्या वारुळावरनं गेलं तर बैलाचा मुंग्यांवर काय राग असतो का? लवक्राफ्टची 1927 ची ती उल्का पडल्यावर शेत अन् विहीर नासत जाणारी गोष्ट घ्या, त्यात राक्षस नाहीच, एक रंग आहे ज्याला नाव देता येत नाही, आणि घरचे लोक तेच पाणी पीत राहतात. तुमच्या गेममधलं ते मात्र गाईडवर चिडलेलंय, का तर त्याच्या आज्यानं खालून मूर्ती चोरली. तिथंच त्याचा मुंजा झाला. आज्याचं ते सगळं काढून टाका, जीवावर येईल पण काढा.

माझी गेम बोअरवर आहे. 2016 चा उन्हाळा, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणायलेत तो. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवलीय, रात्री बोअरची गाडी आलीय, एक रॉड वीस फुटाचा, आणि प्रत्येक पॅसेजखाली (पॅसेज म्हणजे एका वेळी स्क्रीनवर दिसणारा मजकूर) दोनच लिंक: 'अजून एक रॉड' आणि 'बस करा'. ज्यानं रात्री बोअरजवळ उभं राहून फुटाचे पैसे मनात मोजलेत त्याला बाकी काही समजवायला लागत नाही. दोनशे कोरडे गेले की माणूस थांबत नाही, कारण थांबलं तर तेवढे पैसे मातीत. खेळणारा स्वतःच्या बोटानं खाली जातो, मी त्याला ढकलत नाही. एक पॅसेज असाय:

"तीनशे ऐंशी. काळी भुकटी संपून लाल यायला लागली. ड्रायव्हरनं चिमूटभर उचलून बोटावर चोळली, वास घेतला आणि हात पँटला पुसला. पुसतच राहिला."

ती लाल भुकटी मी बनवलेली नाही. आपली जमीन लाव्ह्याच्या थरांची आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, आणि दोन काळ्या थरांच्या मधे जो लाल पट्टा लागतो तो म्हणजे तेव्हाचा उघडा पृष्ठभाग, ऊनपाऊस खाल्लेला, ज्याच्यावर नंतर दुसरा लाव्हा आला. म्हणजे तीनशे फुटावर कधीतरी आभाळ होतं. हे वाचून पोटात खड्डा पडतो ना, तेच पाहिजे, सोंडा नकोत. हिंगोलीकडं पांगरा शिंदेच्या भागात जमिनीतून गूढ आवाज येतात ही बातमी आपण किती वर्षं वाचतोय, तो आवाज मी पूर्ण गेममध्ये एकदाच वापरलाय आणि कुणी त्याच्याबद्दल बोलत नाही. किल्लारी मात्र जाणूनबुजून बाहेर ठेवली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्याकडं अजून लोकांच्या अंगात आहे, तिला गेममधली भीती म्हणून वापरायचं नाही असं मी ठरवलं.

आता तुमचा तो मनोबलाचा मीटर. ही कल्पना 1981 च्या टेबलावर खेळायच्या रोल-प्लेइंग गेममधनं आली, तिथं ती चालते कारण फासे पडताना समोर चार माणसं बसलेली असतात. स्क्रीनवर 100 चे 85 झाले की वाचणारा गोष्ट सोडून आकडा वाचवायला लागतो. व्हेरिएबल, म्हणजे आत मोजला जाणारा तो आकडा, ठेवा पण लपवून, आणि परिणाम शब्दांत दिसू द्या. माझ्यात चारशे फुटानंतर 'बस करा' ही लिंक राहते पण तिचं 'बस करा म्हणावं वाटतं' असं होतं, पुढच्या पॅसेजला तेच वाक्य असतं पण त्याच्यावर क्लिक होत नाही.

आणि मराठीत लिहायलात तर मराठीकडं जे आहे ते वापरा की! आपल्याकडं 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं, इंग्रजीला दोन्हीसाठी एकच शब्द. माझी गेम 'तुम्ही' मध्ये चालते, तुम्ही वाकून बघता, तुम्ही बॅटरी मारता, आणि पाचशे फुटाच्या पुढं एका ठिकाणी गुपचूप 'आपण खाली बघतो' येतं. काही खुलासा नाही. एका मैत्रिणीनं रात्री साडेबाराला फोन करून विचारलं, आपण म्हणजे कोण रे? संगीतावर पैसे घालून हे झालं नसतं.

टूलचं थोडक्यात. 1987 ची द लर्किंग हॉरर आणि 1998 ची अँकरहेड या दोन्ही भीतीच्या गेम हुकूम टाईप करून खेळायच्या, त्यामुळं तसंच करावं वाटतं हे मला कळतं, पण मराठीत दिवा, दिव्यात, दिव्याखाली, विहीर, विहिरीवरनं अशी सगळी रूपं तुम्हाला एकेक शिकवावी लागतील आणि खेळणारा तरी सहावं रूप टाईप करणारच. लिंकवालंच ठेवा. अक्षर-अक्षर उमटायचा इफेक्ट मात्र काढा, 'रात्र' हा शब्द आधी र, मग रा, मग रात, मग पाय मोडलेला त् आणि मग रात्र असा उमटतोय, भीती जाऊन फॉन्ट बिघडल्यासारखं वाटतं. शब्द-शब्द उमटवा. अक्षरांमधली जागा पण वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

एक कळकळीनं सांगतो. लवक्राफ्टच्या मनात परक्या वंशाच्या लोकांबद्दल घाण होती आणि ती गोष्टींत उतरलीय, पूजा करणारे 'रानटी' लोक वगैरे. तुमच्या ड्राफ्टमध्ये किल्ल्यामागच्या तांड्यावरचे लोक रात्री खाली जाऊन बळी देतात असं आहे. ते आजच काढा. त्या लोकांवर आधीच कमी शिक्के बसलेत का?

राहिलं शेवटाचं. माझ्यात सहाशे चाळीसला पाणी लागतं, बोअर उडतो, गाव नाचतं, आणि शेवटची लिंक असते 'पाणी प्या'. तुमच्याकडं तर याहून चांगलं काहीतरी आयतं आहे. शाळेच्या सहलीत आमच्या गाईडनं अंधारीत मशाल विझवली होती, आधी पोरं ओरडली, मग एकदम गप्प, नुसता वटवाघळांचा वास, आणि मग सरांनी मोजायला सुरुवात केली. ते मोजणं घ्या. मीटरच्या जागी माणसं मोजा. गाईडसकट नऊजण आत गेले, प्रत्येक वळणाला 'मोजा' अशी लिंक, नऊ, नऊ, नऊ, आणि कुठल्यातरी वळणाला दहा. नदी ओलांडून मोजताना स्वतःला धरायचं विसरणाऱ्या दहा जणांची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून वाचणारा आधी हसेल, चूक झाली म्हणेल, परत मोजेल. परत दहाच. कोण जास्तीचा ते सांगायचं नाही, कुणाला काही करायचं नाही, तो कुणाकडं बघत पण नाही. बाहेर उन्हात आल्यावर गाईडनं एवढंच म्हणायचं, "चला, आपण सगळे आलो."