बुडालेली मजुरी आणि कमी वजनाचं लेकरू

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गेल्या वर्षी गावात 25 बाळं जन्मली, त्यातली दोन बाळं वर्षाच्या आत गेली. ग्रामसभेत एक जण म्हणाले, "बायाच अडाणी, दुसरं काय!" मला ते पटलं नाही, पण उत्तर सुचलं नाही. लसी त्याच, दवाखाना तोच. मग तालुक्याच्या गावापेक्षा आमच्याकडे लेकरं जास्त का दगावतात? आणि आमचा दर 80 म्हणायचा का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, आधी आकड्याचं बघू. जिवंत जन्मलेल्या 1000 बाळांमागे वर्षाच्या आत किती गेली, तो अर्भक मृत्युदर. त्या हिशेबानं तुमचे 80 बरोबर येतात. पण 25 जन्मांत एक मृत्यू कमी-जास्त झाला की दर 40 ने हलतो, म्हणून एका गावाच्या एका वर्षावरून काही ठरवू नका. उपकेंद्राखालच्या सगळ्या गावांची पाच वर्षं एकत्र मांडा. 2020 च्या नमुना नोंदणीत, म्हणजे निवडक गावं-शहरांतले जन्म-मृत्यू मोजणाऱ्या सरकारी पाहणीत, महाराष्ट्राचा दर 16 होता, देशाचा 28 आणि केरळचा 6. त्याच्याशी ताडून पाहा.

आता अडाणीपणाचं. मी 31 वर्षं आरोग्य सेविका होते. हा शब्द मी मीटिंगांमध्ये इतक्यांदा ऐकला की आजही अंगावर काटा येतो.

आशाताई नव्हत्या तेव्हाची गोष्ट. कार्तिकाचा महिना, कापूस वेचणी ऐन भरात. नववा लागलेली एक बाई मला वावरातच भेटली, कमरेला बांधलेली ओटी कापसानं भरलेली, पोटाच्या खाली लोंबणारी. बोंडाच्या नख्यांनी बोटं ओरबाडलेली. मी म्हटलं, बाई, आता घरी बस. ती म्हणाली, "आज नाई आली त उद्या मालक दुसरीले सांगन. मंग पोट्टे काय खातीन?" तिला कळत नव्हतं असं नाही. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, बसून राहिलेल्या दिवसाचे कोणी देत नाही. त्याच पैशांवर पुढचे कित्येक महिने घर चालायचं होतं.

आठ दिवसांनी ती बाळंत झाली. झोळीच्या काट्यात बाळ टाकलं तर काटा 1 किलो 700 वर थांबला. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, हे तर फारच खाली. मी गुंडाळायला, छातीशी धरायला, सारखं पाजायला सांगून आले. चौथ्या दिवशी दुपारपासून बाळ ओढेना. नवरा जिनिंगवर गेलेला. सासू म्हणाली, तो येऊ दे, मग पाहू. पैसे तिच्याही हातात नव्हते. नवरा रात्री आला, मालकाकडून उसने आणले, जीप ठरवली, आणि मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडलं. कागदावर कारण लिहिलं गेलं 'कमी वजन'. ते खरंच होतं, पण ते सगळ्यात शेवटचं कारण होतं. त्या आधीची मी मनात लिहीत गेले : बुडणारी मजुरी, परवानगीची वाट, उसने पैसे, रात्रीची जीप.

प्रशिक्षणात आम्हाला तीन उशीर शिकवायचे. दवाखान्यात न्यायचं ठरवण्यातला, पोचण्यातला, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. ते बाळंतिणींच्या मृत्यूसाठी सांगितलेले, पण बाळालाही तेच लागू पडतात. तालुक्याच्या गावात दुसरा उशीर जवळजवळ नसतोच. पगारदाराच्या घरात पहिलाही कमी, कारण सुट्टीचे पैसे कापले जात नाहीत. दवाखाना एकच असला तरी त्याच्यापर्यंतची वाट दोन घरांची सारखी नसते.

शिक्षणाचा संबंध आहे, पण सभेत सांगितला तसा नाही. दहावी झालेली सून सासूला म्हणू शकते, "मी नेते लेकराले." माझ्या अनुभवात शाळेनं बाईला सगळ्यात जास्त दिलं ते हे बोलायचं बळ. तिच्या हाती चार पैसे असले तर ते दुप्पट होतं.

गरिबी हटेपर्यंत थांबायचं का? नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं : वजन, ऊब, अंगावरचं दूध, जंतुसंसर्ग ओळखून औषध. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. गावं श्रीमंत झाली नव्हती. पण बाळ ओढेना झालं त्या दुपारीच दाराशी जाणतं माणूस होतं. आज आशाताई घरभेटी देतात, त्याचं मूळ या कामात आहे.

मजुरीचा प्रश्न मात्र यानं सुटत नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला 5000 रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. अर्ज अडला की पैसे वेचणी उलटल्यावर येतात. हे मी ठासून सांगते, कारण ग्रामपंचायत इथे काही करू शकते. खातं आणि आधार जुळत नाही म्हणून पडून राहिलेले अर्ज सदस्यांनी मागे लागून सोडवले, तर तो पैसा वेळेत हाती पडतो.

पुढच्या सभेत त्या दोन बाळांच्या आयांना बोलावू नका, त्यांना पुन्हा त्या जखमेवर उभं करू नका. घरी जाऊन विचारा : शेवटच्या दोन महिन्यांत कुठे कामाला होतीस, न्यायचं कोणी ठरवलं, गाडीचे पैसे कुठून आले. दिवाळीनंतर वेचणी जोरात येईल. तेव्हा कोणाकोणाचे दिवस भरत येतील, ती यादी आशाताईकडे आजही असेल. ती मागून घ्या.