अपस्मार आणि समोरच्याचं मन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मिस्टरांना टेम्पोरल लोबचा अपस्मार आहे. फिट्स आटोक्यात आहेत, पण मी घाबरलेय की चिडलेय, हे सांगितल्याशिवाय त्यांना कळतच नाही. माझ्याबद्दल काही वाटेनासं झालंय का?

उत्तर : तसा अर्थ लगेच काढू नका. वाटणं आणि ओळखता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कानशिलामागच्या टेम्पोरल लोब या मेंदूच्या भागात अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. चेहऱ्यावरची भीती टिपण्यात त्याचा मोठा वाटा. फिट्सचा उगम त्याच्या आसपास असेल, तर हे टिपणं कच्चं राहू शकतं. चाचणीत विस्फारलेल्या डोळ्यांचा फोटो पाहून असा रुग्ण ‘आश्चर्य’ म्हणतो, खरं उत्तर ‘भीती’ असतं. हसरा चेहरा मात्र बहुतेकांना बरोबर ओळखता येतो. म्हणून तोंड फुगवून वाट बघू नका. ‘मला भीती वाटतेय, जवळ बसा’ असं सरळ सांगा. सांगितल्यावर ते धावून येत असतील, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, पाचव्या वर्षापासून फिट्स. टोमणा कळत नाही, भलतंच बोलून जातो. शिस्त कमी पडते का?

उत्तर : नाही, आणि त्यासाठी त्याला ओरडू नका. समजा, मैत्रिणीने स्वतः काढलेलं चित्र भिंतीवर आहे आणि पाहुणा म्हणतो, ‘हे कुणी खरडलंय?’ यातली चूक कळायला पाहुण्याला काय ठाऊक नव्हतं आणि मैत्रिणीला काय वाटलं, दोन्ही एकाच वेळी मनात धरावं लागतं. मानसशास्त्रात या क्षमतेला १९७८ पासून ‘थिअरी ऑफ माइंड’ म्हणतात. टेम्पोरल आणि फ्रंटल (कपाळामागच्या) लोबच्या अपस्मारात ती कमी पडलेली आढळते. फिट्स लहानपणी सुरू झाल्या असतील तर जास्त शक्यता. सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), एमआरआयमध्ये हे दिसत नाही, न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदू आणि वागणं यांचा संबंध तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून, तपासणी करून घ्या. घरी प्रसंग घडला की शांतपणे विचारा, ‘तिला तेव्हा काय माहीत होतं?’

प्रश्न : हे गोळ्यांमुळे होतं का?

उत्तर : काही अंशी होऊ शकतं. लेव्हेटिरासिटॅममुळे काहींची चिडचिड वाढते, टोपिरामेटमुळे शब्द चटकन आठवत नाहीत. नैराश्यामुळेही माणूस इतरांकडे लक्ष देईनासा होतो, आणि अपस्मारात नैराश्य बरंच आढळतं. पण गोळी मनाने बंद करू नका, अचानक थांबवल्यास जिवावर बेतणारी फिट येऊ शकते. बदल कधीपासून जाणवला ते तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवा.