भाजीवाला बिल देत नाही, मदतनिसांना रोख द्यावे लागतात. केटरिंगच्या खर्चाचे पुरावे कसे आणि किती वर्षं ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं घरून केटरिंगच्या ऑर्डरी घेताय, सीए पावत्या मागतात, पण निम्मा खर्च बिलाशिवायच होतो. मी सांगलीत बारा वर्षं हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बिल न मिळणाऱ्या खर्चाचं, कारण आपल्या धंद्यात तोच मोठा. स्टेशनरीच्या दुकानात व्हाउचर पॅड मिळतं, ते आजच आणा. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना पैसे देताना मी त्यांच्यासमोरच लिहिते: तारीख, त्यांचं नाव, मोबाइल नंबर, ‘साखरपुडा, १५० पानं, पोळ्यांचं काम, एक दिवस’, रक्कम आकड्यात आणि अक्षरात. खाली त्यांची सही. सही येत नसेल तर अंगठा. टेंपोवाल्याचं, भांडी घासणाऱ्यांचं तसंच. रोख रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर सही घ्यायची.

मंडईत कोणी सही करत बसत नाही. तिथून घरी आल्यावर बूट-चपला काढायच्या आधी मी यादी करते: बटाटा २० किलो, कोथिंबीर इतक्या जुड्या, भाव काय पडला. खाली माझी सही आणि ज्या ऑर्डरीसाठी घेतलं तिचा नंबर. ही यादी एकटी असेल तर कमकुवत, हे मान्य. पण तिच्या शेजारी त्या ऑर्डरीचं माझं बिल असतं, पानांची संख्या असते, त्याच दिवशी खात्यातून काढलेली रोकड असते. १५० पानांना २० किलो बटाटा लागतो हे कोणालाही पटतं. पण तीच यादी मार्च संपल्यावर बसून लिहिली तर ती पटणार नाही, आणि ते बरोबरही नाही.

छापील बिल मिळतं तिथेही काम संपत नाही, हे मी फार उशिरा शिकले. २०२१-२२ च्या हिशेबाची आयकर खात्याकडून छाननी निघाली तेव्हा मी बिलांची पिशवी उघडली. प्लॅस्टिकची पिशवी, शेगडीच्या वरच्या फडताळात ठेवलेली. पेट्रोलची आणि किराण्याची बरीचशी बिलं कोरी झाली होती. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात, आणि उष्णता, तेलकट हात, प्लॅस्टिक यांनीच तो कागद खराब होतो. लॅमिनेशनला तर अजिबात देऊ नका, अख्खा कागद काळा पडतो. जी वाचता येत होती त्यातलीही काही नामंजूर झाली. किराणा कुठल्या ऑर्डरीचा आणि घरचा किती, हे तीन वर्षांनी मला सांगता येईना. बिलावर रक्कम असते, कारण नसतं. ते आपणच लिहायचं, त्याच दिवशी, मागच्या बाजूला पेनाने. मग मोबाइलवर फोटो काढायचा आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकायचा. आता मी घरचा किराणा वेगळ्या बिलावरच घेते. धंद्याचं बँक खातं आणि यूपीआयही वेगळं केलंय.

यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. पैसे गेले एवढंच त्यातून कळतं, काय घेतलं ते नाही.

त्याच वर्षी सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते भांडी-मंडपाचं बिल. खर्च खरा, बिल पक्कं, पण १८,००० रुपये एका दिवशी रोख दिले होते. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोखीने दिलेला खर्च आयकरात मंजूर होत नाही. दोन बिलं केली तरी दिवसाची बेरीजच बघतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि कलमांचे नंबर बदलले, पण ही अट तशीच आहे. एवढी रक्कम असेल तर अकाउंट पेयी (थेट खात्यातच जमा होणारा) चेक किंवा ऑनलाइनच द्या.

एक गोष्ट सीएंना नक्की विचारा: तुमचं रिटर्न उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरून भरतात का? रोखीच्या जमेवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के असा तो हिशेब असतो. तसं असेल तर एकेका बिलाने कर कमी होत नाही. तरीही बिलं टाकू नका. एखाद्या वर्षी तोटा झाला किंवा नफा त्याहून कमी दाखवायची वेळ आली, तर हीच बिलं पुढे करावी लागतात. माझ्या एका मोठ्या ऑर्डरीचे पैसे बुडाले त्या वर्षी मला त्यांचा आधार होता.

किती वर्षं? आर्थिक वर्ष संपल्यावर पुढची सात वर्षं धरा. म्हणजे २०२४-२५ ची फाइल ३१ मार्च २०३२ पर्यंत ठेवायची. जीएसटी नोंदणी असेल तर तिथला नियम वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिन्यांचा आहे, तोही यात बसतो. मी फाइलच्या कण्यावरच मार्करने ‘२०३२ नंतर’ असं लिहून ठेवते. वाद चालू असेल त्या वर्षाची फाइल मात्र निकाल लागेपर्यंत हलवायची नाही.

ओला ग्राइंडर, डीप फ्रीझर, मोठी पातेली यांची बिलं या हिशेबात धरू नका. त्यांच्यावर दरवर्षी घसारा (वस्तू वापरून झिजते त्याबद्दल किमतीचा काही भाग खर्चात धरणं) मिळतो आणि विकताना मूळ किंमत दाखवावी लागते, म्हणून वस्तू घरात आहे तोवर तिचं बिल ठेवायचं, आणि विकल्यावर त्या वर्षापासून पुन्हा सात वर्षं.