ग्रीसच्या पदवीवर 7,15 आणि ‘लिआन कालोस’ लिहिलंय, म्हणजे 71.5 टक्के धरायचे का?

नाही. आणि सीजीपीए समजून 9.5 नेही गुणू नका. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या सीजीपीएचं होतं, ग्रीसशी त्याचा काडीचा संबंध नाही.

ग्रीक विद्यापीठांत गुण 0 ते 10, पास व्हायला 5. सर्वसाधारणपणे 5 ते 6.49 ‘कालोस’ (चांगला), 6.5 ते 8.49 ‘लिआन कालोस’ (खूप चांगला) आणि 8.5 पासून ‘आरिस्ता’ (उत्कृष्ट). काही संस्थांच्या हद्दी वेगळ्या असतात, त्यामुळे आकड्याइतकाच शेजारचा शब्द महत्त्वाचा.

7,15 मधला स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांशचिन्ह. ऑनलाइन फॉर्ममध्ये तो तसाच टाकला तर एरर येते, नाहीतर सरळ 715 होतात! तिथे 7.15 टाका.

सरासरी स्वतः पडताळायची असेल तर नुसती बेरीज करून भागू नका, क्रेडिटचं वजन धरा. समजा 6 क्रेडिटच्या विषयात 8, 4 च्या विषयात 6 आणि 3 च्या विषयात 5 पडले: 48 + 24 + 15 = 87, भागिले 13, म्हणजे 6.69, ‘लिआन कालोस’. साधी सरासरी मात्र 6.33, म्हणजे ‘कालोस’. जुन्या पदव्यांत क्रेडिटऐवजी विषयाच्या वजनाचे 1, 1.5, 2 असे गुणांक असायचे, तिथे ते वापरा. नापास झालेल्या पेपरचे गुण यात येत नाहीत. जूनमध्ये 3 आणि सप्टेंबरच्या फेरपरीक्षेत 6 मिळाले, तर 6 च धरतात.

जर्मनीत अर्ज करणार असाल तर तिथे परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायला ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ चालतं: (10 − 7.15) भागिले (10 − 5), गुणिले 3, अधिक 1. उत्तर 2.71. जर्मनीत 1 सर्वोत्तम, हे विसरू नका.

सोबत शाळेचं ‘अपोलितिरिओ’ (लिकिओचा, म्हणजे उच्च माध्यमिकचा दाखला) जोडत असाल तर घोळ टाळा: तिथली मोजपट्टी 20 ची. 17,4 म्हणजे 20 पैकी 17.4.

भारतात कुठे टक्के मागितलेच, तर मनानं आकडा काढू नका. रकान्यात ‘7.15/10, उत्तीर्ण 5’ लिहा आणि विद्यापीठाच्या ‘डिप्लोमा सप्लिमेंट’मधलं (पदवीसोबतचं माहितीपत्रक) श्रेणीपद्धतीचं पान जोडा. ते इंग्रजीतही मिळतं, भाषांतराचा खर्च वाचतो.