समुद्रापासून दूर असलेल्या शाळेने समुद्रविज्ञान संस्थेशी सहकार्य कसे करावे?

वडोदऱ्यातील आपल्या शाळेला एखाद्या समुद्रविज्ञान संस्थेशी कायमचे सहकार्य करता येईल का, असे आपण विचारले आहे. ते निश्चित करता येईल, आणि सुरुवात भावनगरपासून करावी. तेथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था ही सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) प्रयोगशाळा असून, २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'जिज्ञासा' उपक्रमातून अशा प्रयोगशाळा शाळांशी जोडल्या जातात. तेव्हा कोणत्या इयत्तेसाठी काय हवे, हे स्पष्ट करणारे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने तेथे पाठवावे.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी मुलांना नरारा येथे न्यावे. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग ओहोटीच्या वेळी पायी पाहता येतो, आणि घोट्याएवढ्या पाण्यात प्रवाळ, समुद्रफुले, कपारीत दडलेले खेकडे दिसतात. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. सहलीची तारीख मात्र शाळेच्या सोयीने नव्हे, तर भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरून ठरवावी लागते, कारण ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. हे वेळापत्रक मुलांनाच वाचू द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

केवळ सहलीपुरते सहकार्य मला अपुरे वाटते. मही नदीच्या मुखाकडील पाण्याची क्षारता वर्षभर मोजावी (नमुने शिक्षकांनीच घ्यावेत, कारण खंभातच्या आखातातील भरती फार वेगाने चढते) आणि त्या नोंदी तपासून देण्याची विनंती पहिल्याच पत्रात करावी.